गोठलेली बोटं: थंडीतल्या सायकल शर्यतींची गोष्ट, हातांच्या बाजूने

(या भागाचं लिखित रूप. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय.)

मागच्या आठवड्यात आपल्या एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला. डिसेंबरात पहाटे सिंहगड चढला गडी. वर पोचेपर्यंत टी-शर्ट घामाने ओला, एकदम खूश. आणि खाली येताना तिसऱ्या-चौथ्या वळणावर त्याच्या लक्षात आलं की ब्रेक दाबायला बोटं वळतच नाहीयेत. कसाबसा थांबला, हात काखेत धरून रस्त्याच्या कडेला उभा राहिला. त्याचा प्रश्न असा, की पाय गरम, छाती गरम, मग बोटांनीच का दगा द्यावा? आणि पुण्यात ही गत, तर युरोपात बर्फात सायकल चालवणारे लोक काय करत असतील?

प्रश्न साधा वाटतो ना? पण त्याचं उत्तर शोधायला गेलो आणि सायकल शर्यतींच्या इतिहासात असा काही अडकलो की आजचा अख्खा भाग त्यावरच करतोय. कारण या शर्यतींच्या ज्या सगळ्यात गाजलेल्या गोष्टी आहेत ना, बर्फाच्या, वादळाच्या, त्या नेहमी "काय जिगर! काय छाती!" अशा सांगितल्या जातात. मी त्या हातांच्या बाजूने वाचल्या. आणि मग जिंकणारे, हरणारे, सगळेच जरा वेगळे दिसायला लागले.

सुरुवात करू 1910 पासून. 3 एप्रिल 1910. इटलीतली मिलान ते सान रेमो शर्यत. मिलान हे आतल्या मैदानातलं शहर, सान रेमो समुद्रकाठी. अंतर जवळपास 290 किलोमीटर, एका दिवसात. मध्ये डोंगराची एक रांग आडवी येते आणि ती तुरकिनो नावाच्या खिंडीतून ओलांडायची. खिंड काही फार उंच नाही, साडेपाचशे मीटरच्या आतबाहेर. म्हणजे आपल्या लोणावळ्यापेक्षाही कमी. पण त्या दिवशी तिथे बर्फ पडत होता, रस्त्यावर चिखल आणि बर्फाचा काला झाला होता, आणि लोक अंगात लोकरीची जर्सी आणि अर्धी विजार घालून निघालेले. साठच्या वर लोक निघाले होते. अधिकृत निकालात शेवटी नावं किती? चार.

जिंकला तो यूजेन क्रिस्तोफ नावाचा फ्रेंच माणूस. पंचवीस वर्षांचा. मूळ धंदा कुलपं बनवण्याचा, म्हणजे हातावर पोट असलेला कारागीर. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढे त्याच्या हातांचं काय झालं ते ऐकायचंय.

क्रिस्तोफने नंतर त्या दिवसाची आठवण सांगून ठेवली आहे. खिंडीच्या आसपास त्याच्या पोटात असा गोळा आला की एक हात सायकलवर आणि एक पोटावर धरून तो रस्त्याच्या कडेला वाकून उभा राहिला. बोटं ताठ, पायांत जाणीव नाही, अंग थरथरतंय. तिथून जाणाऱ्या एका माणसाने त्याला जवळच्या छोट्या खाणावळीत नेलं. मालकाने त्याचे ओले कपडे काढले, घोंगडीत गुंडाळलं. हा आत हातपाय हलवून व्यायाम करतोय, अंगात ऊब आणतोय. एवढ्यात आणखी दोन शर्यतवाले आत आले, फान हावार्ट आणि अर्नेस्ट पोल. क्रिस्तोफ सांगतो की ते इतके गारठले होते की त्यांनी आल्या आल्या हात सरळ जाळात घातले. आणि पोलच्या एका पायातला बूट कुठे तरी गळून पडला होता, ते त्याला कळलंच नव्हतं.

हात जाळात घातले. शेकोटीवर धरले नाहीत, जाळात. मला हे वाक्य वाचून थांबावंच लागलं. कारण गारठलेल्या हाताला जाळ लागतोय हे कळतच नाही. चटका बसल्याची बातमी मेंदूकडे नेणारी तारच बंद पडलेली असते. म्हणून तर थंडीने बधिर झालेला हात शेगडीवर धरू नये असं डॉक्टर आजही सांगतात. भाजतं आणि समजत नाही.

पंचवीसेक मिनिटांनी क्रिस्तोफला खिडकीतून चिखलाने माखलेले चार जण जाताना दिसले. खाणावळवाला नको नको म्हणत असताना हा उठला, मालकाने दिलेली लांब विजार चढवली आणि निघाला. त्या चौघांना गाठलं, मागे टाकलं, आणि संध्याकाळी सान रेमोला पहिला पोचला. एकूण वेळ 12 तास 24 मिनिटं. दुसऱ्या नंबरवर पोचलेल्या लुइजी गान्नाला बाद केलं, कारण वाटेत तो मोटारगाडीत बसला होता. मला तर त्याला दोष देववत नाही.

आता पुस्तकात गोष्ट इथे संपते. टाळ्या, हार, फोटो. पण हातांची गोष्ट इथे सुरू होते. क्रिस्तोफ महिनाभर रुग्णालयात होता. हातांना हिमदंश झाला होता, बाकी शरीराचीही हालत झाली होती. आणि पूर्वीसारखा धडधाकट व्हायला त्याला आणखी दोनेक वर्षं लागली. एका दिवसाच्या विजयाची ही किंमत. ज्यांना 1913 च्या टूर द फ्रान्सची गोष्ट माहीत आहे त्यांना आठवेल, सायकलचा पुढचा फोर्क तुटल्यावर खेड्यातल्या लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हातांनी तो पुन्हा जोडणारा माणूस हाच. भाता मारायला एका पोराची मदत घेतली म्हणून त्याला वर दंड झाला, तो हाच. ही भट्टीची गोष्ट जगभर सांगतात. त्याच हातांचा तीन वर्षं आधीचा रुग्णालयातला महिना कुणी सांगत नाही.

बरं, मग श्रोत्याच्या प्रश्नाकडे येऊ. बोटंच का?

आपल्या हाताच्या बोटांत स्नायू नसतात. एकही नाही. बोटं मिटवणारे मुख्य स्नायू कोपर आणि मनगटाच्या मध्ये असतात आणि तिथून लांब लांब दोऱ्या, म्हणजे कंडरा, बोटांपर्यंत जातात. कळसूत्री बाहुली असते ना, तसं. आता स्नायू हीच शरीरातली उष्णता तयार करणारी मोठी भट्टी. मांडीत भट्टी आहे, पोटरीत आहे, बोटांत नाही. बोटांना ऊब मिळते ती फक्त रक्तातून, म्हणजे पार्सलने. आणि शरीर गार पडायला लागलं की पहिलं पार्सल कुठलं बंद होतं? हातापायाच्या बोटांचं. हृदय, फुप्फुसं, मेंदू यांना सांभाळण्यासाठी शरीर टोकाकडच्या रक्तवाहिन्या आवळून घेतं. थोडक्यात, शरीर म्हणतं, बोटं गेली तरी चालतील, आतला माल वाचला पाहिजे.

त्यात शरीराच्या आकाराचं गणित. बारीक लांब वस्तू लवकर निवते. पातेल्यातला भात तासभर गरम राहतो, ताटात पसरलेला पाच मिनिटांत गार. बोटं म्हणजे ताटातला भात. म्हणूनच पाच बोटांच्या हातमोज्यापेक्षा चारही बोटं एकत्र राहणारा, लहान बाळांना घालतात तसला मोजा जास्त गरम असतो. पण त्यात गिअर बदलता येत नाही, पंक्चर काढता येत नाही, खिशातलं केळं सोलता येत नाही.

आणि तिसरी गोष्ट वारा. सायकलस्वार स्वतःचा वारा स्वतः तयार करतो, आणि त्या वाऱ्याच्या तोंडाशी सगळ्यात पुढे काय असतं? हँडलवरचे हात. वाऱ्याने थंडी किती वाढते हे मोजायचा पहिला नीट प्रयत्न पॉल सायपल आणि चार्ल्स पासेल या दोन अमेरिकन संशोधकांनी अंटार्क्टिकात केला. त्यांनी पाण्याने भरलेली एक नळी छपराबाहेर टांगली आणि वेगवेगळ्या वाऱ्यात ती गोठायला किती वेळ लागतो ते बघितलं. आज फोनवरच्या हवामानाच्या ॲपमध्ये "फील्स लाइक" म्हणून जो आकडा दिसतो, त्याचा एक पूर्वज त्या नळीत आहे. आता सूत्र सुधारलंय. त्या सुधारलेल्या सूत्रात आकडे टाकले तर असं येतं: हवा शून्य अंश असताना ताशी 10 किलोमीटरने घाट चढत असाल तर त्वचेला उणे 3 सारखं वाटेल. तोच घाट ताशी 60 ने उतरताना उणे 9. आणि हे कोरड्या त्वचेचं गणित आहे. ओल्या हाताचं विचारूच नका.

आता सगळं जोडून बघा. चढताना भट्टी जोरात चालू, वारा कमी. माथ्यावर घाम. उतार सुरू झाला की पेडल थांबतं, भट्टी विझते, वारा सहापट, आणि अंगावरचे कपडे ओले. नेमकं तेव्हाच, त्याच क्षणी, दोन्ही हातांना सगळ्यात जास्त काम असतं, कारण ब्रेक हातात आहेत. पाय गारठले तर वेग कमी होईल. हात गारठले तर वेग कमीच होणार नाही. सिंहगडाच्या चौथ्या वळणावर आपल्या मित्राला हेच कळलं.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण शर्यतींच्या जगात ती फार आवडीने सांगतात. तुल्यो कांपान्योलो. सायकलवाल्यांना नाव माहीतच असेल, इटलीतल्या विचेन्झा शहरातला, भारी गिअर आणि ब्रेक बनवणारी कंपनी त्याच्या नावाची. गोष्ट अशी, की 11 नोव्हेंबर 1927 ला क्रोचे दाउने नावाच्या खिंडीत शर्यत चालू होती, बर्फ पडत होता. त्या काळी गिअर बदलायचा म्हणजे खाली उतरून मागचं चाक काढायचं, उलटं करून पुन्हा बसवायचं, कारण चाकाच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या दातऱ्या. चाक धरून ठेवायला पंखासारखे कान असलेले नट. कांपान्योलोची बोटं इतकी गारठली होती की ते नट त्याला सैल करता येईनात. बाकीचे पुढे निघून गेले. तेव्हा तो म्हणाला म्हणे, की मागच्या बाजूला काही तरी बदललं पाहिजे. आणि त्यातून आली क्विक रिलीज, म्हणजे एक छोटा दांडा फिरवला की चाक मोकळं. आज लाखो सायकलींवर आहे ती.

छान गोष्ट आहे. त्या खिंडीत त्याचं स्मारकसुद्धा आहे. फक्त अडचण एवढीच, की सायकलच्या इतिहासाचे काही अभ्यासक कागदपत्रं शोधायला गेले तेव्हा त्यांना या गोष्टीतल्या तारखा आणि तपशील नीट जुळताना दिसले नाहीत. तेव्हा दंतकथा म्हणूनच घ्या. पण दंतकथा कुठली तयार होते ते बघा ना. लोकांना पटलं की एका महत्त्वाच्या शोधाचं मूळ गारठलेल्या बोटांत असू शकतं. का पटलं? कारण त्या काळात सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाने तो नट कधी ना कधी बधिर बोटांनी धरला होता.

मग हात गरम ठेवायला लोक काय करत? सगळ्यात जुना आणि सगळ्यात स्वस्त उपाय हाताला लावायचाच नव्हता. वर्तमानपत्र. घाटमाथ्यावर उभ्या असलेल्या प्रेक्षकांकडून पेपर घ्यायचा आणि जर्सीच्या आत छातीवर सारायचा. कागद वारा अडवतो, घाम शोषतो, खाली पोचल्यावर फेकून देता येतो. आणि छाती गरम राहिली की शरीराला बोटांचं पार्सल बंद करायची घाई होत नाही. हे लोकांना अनुभवाने माहीत होतं. विज्ञान थोडं मागून आलं: 1930 मध्ये लंडनच्या थॉमस लुइस या डॉक्टरने दाखवलं की बर्फाच्या पाण्यात बोट बुडवून ठेवलं तर काही मिनिटांनी रक्तवाहिन्या आपोआप थोड्या उघडतात, बोट जरा गरम होतं, मग पुन्हा आवळतात, पुन्हा उघडतात. शरीर बोटांना अगदीच वाऱ्यावर सोडत नाही तर. पण अख्खं अंगच गार पडलेलं असेल तर ही उघडझाप मंदावते. म्हणजे हात गरम ठेवायचे असतील तर आधी छाती आणि डोकं झाका, असं जे आजी सांगायची, ते बरोबरच होतं.

एक गंमत जाता जाता. मिलान-सान रेमो आणि जिरो दी इतालिया या शर्यती ज्याने सुरू केल्या ते एक वर्तमानपत्रच होतं, 'गाझेत्ता देल्लो स्पोर्त'. गुलाबी कागदावर छापतात, म्हणून तर जिरोत पुढे असणाऱ्याला गुलाबी जर्सी. आता अंक खपावा म्हणून शर्यत भरवायची, शर्यत जेवढी भयंकर तेवढा अंक जास्त खपणार, आणि सायकलवाला तोच अंक छातीला लावून घाट उतरणार. त्या धंद्याचा अख्खा हिशेब त्या एका कागदात आला की नाही?

म्हणून मला 1956 च्या जिरोची गोष्ट थोडी जड जाते. 8 जून, मोंते बोंदोने. लक्झेंबर्गचा शार्ली गोल बर्फात एकटा चढत गेला, टप्पा जिंकला, शर्यतही जिंकली. वर त्याला सायकलवरून उचलून न्यावं लागलं आणि गोठलेली जर्सी कापून काढून गरम पाण्यात बसवावं लागलं. त्या एका दिवसात चाळीसच्या वर लोकांनी शर्यत सोडली, त्यात गुलाबी जर्सीवालाही होता. अंक भरपूर खपले असणार.

आता येऊ बेर्नार इनोकडे. फ्रान्सचा, पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकलेला. 20 एप्रिल 1980, बेल्जियममधली लिएज-बास्तोन्य-लिएज, अडीचशेच्या आसपास किलोमीटर. शर्यत सुटली आणि लगेच बर्फ सुरू झाला. 174 जण निघाले होते. लोक एकेक करून नव्हे, घोळक्याघोळक्याने गाडीत बसायला लागले. इनोच्या संघातला एकच साथीदार उरला, ल गियू. इनोने त्याला सांगितलं होतं, की व्हिएल्साल्म गावात जेवणाच्या पिशव्या मिळतात तिथपर्यंत जाऊ, तरी बर्फ पडत असेल तर मी सोडणार. म्हणजे हा एवढा मोठा माणूस, तोही मनातून निघायच्याच बेतात होता. व्हिएल्साल्मला पोचेपर्यंत बर्फ थोडा कमी झाला. मॅनेजर गिमारने गाडीतून सांगितलं, आता वरचा कोट काढ, खरी शर्यत आता सुरू होते. इनो तेव्हा डोक्याला लाल माकडटोपी घालून होता. हो, आपली माकडटोपी. फोटोत बघाल तर पहाटे दूध आणायला निघालेल्या काकांसारखाच दिसतो. शेवट अजून 80 किलोमीटर दूर असताना तो एकटा पुढे निघाला. का, तर जोरात गेलं तरच अंगात ऊब राहील, असं त्याचं सरळ गणित. दुसऱ्या नंबरच्या माणसापेक्षा 9 मिनिटं 24 सेकंद आधी पोचला. पूर्ण केली फक्त 21 जणांनी.

आणि हात? उजव्या हाताची दोन बोटं, तर्जनी आणि मधलं, नीट हलायला तीन आठवडे लागले. ब्रेक दाबायला याच बोटांचा सगळ्यात जास्त उपयोग होतो हं. त्यानंतरही थंडी पडली की त्या बोटांना त्रास होतो, असं त्याने पुढे कित्येक वर्षांनी सांगितलंय. त्या विजयाचा चषक कुठल्या कपाटात असेल तो असेल. पण ती शर्यत त्याच्याकडे खरी राहिली ती दोन बोटांत.

आता माझी आवडती गोष्ट. आवडती अशासाठी, की इथे शेवटी कुणी तरी हातांचा विचार आधी केला.

5 जून 1988. जिरोचा चौदावा टप्पा, कीएझा इन व्हालमालेन्कोपासून बोर्मियोपर्यंत. 120 किलोमीटरच, पण मध्ये गाव्हिया खिंड. उंची 2,600 मीटरच्या वर, आपल्या कळसूबाईवर आणखी हजार मीटर ठेवा. रस्ता अरुंद, बराच भाग तेव्हा कच्चा, डांबर नाही. आणि जूनमध्ये वर हिमवादळ. सकाळी सगळ्यांनाच कळलं होतं की वर बर्फ पडतोय. सगळ्यांना. हे महत्त्वाचं आहे.

सेव्हन-इलेव्हन नावाच्या अमेरिकन संघाने त्या सकाळी काय केलं? त्यांची माणसं जवळपासच्या स्कीच्या दुकानांत गेली आणि हातमोजे, टोप्या, जाड कपडे, मिळेल ते विकत घेऊन आली. ते एकेका पिशवीत भरून माथ्याच्या अलीकडे आपली माणसं उभी केली. गरम चहाचे थर्मास दिले. आणि त्यांचा मुख्य खेळाडू अँडी हॅम्पस्टन याने अंगाला लॅनोलिन फासलं, म्हणजे मेंढीच्या लोकरीतून निघणारी चरबी. हातात घातले निओप्रीनचे मोजे. पाणबुडे घालतात ते.

हे पाणबुड्याचे मोजे कसे चालतात ते बघा, कारण सगळी गंमत त्यातच आहे. लोकरीचा मोजा कोरडा असेपर्यंत उत्तम. भिजला की जड होतो आणि वाऱ्यात अंगातली ऊब ओढून घेतो. वॉटरप्रूफ मोजा बाहेरचं पाणी अडवतो, पण घामाने आतून भिजतो. निओप्रीन म्हणजे हवेचे बारीक बुडबुडे असलेलं रबर. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञाने पाणबुड्यांसाठी त्याचा सूट केला, तेव्हा त्याच्या डोक्यात आलेली गोष्ट साधी होती: माणूस कोरडा राहायची गरजच नाही. आत शिरलेलं थोडंसं पाणी तिथेच अडकून राहिलं, वाहून गेलं नाही, की शरीर ते तापवतं, आणि ऊब धरून ठेवायचं काम रबरातले बुडबुडे करतात. म्हणजे ओलं व्हायचंच आहे हे गृहीत धरून केलेला मोजा. गाव्हियावर त्या दिवशी नेमकं हेच हवं होतं.

चढावर सगळ्यात पुढे होता योहान फान दर वेल्डे. नेदरलँड्सचा, अनुभवी, गुणांच्या यादीत पहिला असल्याने अंगात जांभळी जर्सी. अर्ध्या बाह्यांची. तो बर्फात तसाच चढला आणि माथ्यावर पहिला पोचला. चढाची हिंमत मोजायची तर त्या दिवसाचा राजा तोच. मग उतार सुरू झाला. थोडंसं खाली गेला आणि थांबला. पुढे जाणंच शक्य नव्हतं. एका प्रवासी गाडीत शिरून तो शेकत बसला, गरम काही तरी प्यायला, आणि शेवटी टप्पा पूर्ण केला तेव्हा पहिल्यापेक्षा तब्बल 47 मिनिटं मागे होता.

मागून हॅम्पस्टन आला. माथ्याच्या आधी त्याने कोरडे कपडे घेतले, चहा घेतला, आणि 25 किलोमीटरच्या उतारावर निघाला. तोही काही मजेत नव्हता. घाबरलो होतो, असं त्यानेच सांगितलंय. गिअरवर बर्फ साचत होता, चेन गोठू नये म्हणून उतारावरही पेडल मारत राहावं लागत होतं. पण ब्रेक त्याला दाबता येत होते. बोर्मियोच्या थोडं अलीकडे नेदरलँड्सचा एरिक ब्रॉयकिंक त्याला मागे टाकून गेला आणि सात सेकंदांनी टप्पा जिंकला. गुलाबी जर्सी मात्र हॅम्पस्टनची झाली, ती शेवटपर्यंत राहिली, आणि जिरो जिंकणारा तो पहिला अमेरिकन ठरला.

बोर्मियोत पोचलेल्या लोकांचे व्हिडिओ आहेत, शोधून बघा. जगातले कसलेले खेळाडू, सायकलवरून उतरवले जातायत, रडतायत, कुणी तरी त्यांचे हात चोळतंय. उतारावर काहींनी बोटांत जाणीव यावी म्हणून हातांवर लघवी केली, असंही त्या दिवसाबद्दल सांगतात. हसू नका. ती 37 अंशांची एकमेव गोष्ट होती त्यांच्याकडे.

इटलीत तो दिवस अजूनही "मोठी माणसं रडली तो दिवस" म्हणून सांगतात. मला प्रश्न पडतो तो दुसराच. सकाळी सगळ्यांना हवामान माहीत होतं, स्कीची दुकानं सगळ्यांनाच उघडी होती. मग बाकीच्या संघांनी हातमोजे का नाही घेतले? माझं मत विचाराल तर क्रिस्तोफची आणि गोलची गोष्ट सत्तर वर्षं चुकीच्या पद्धतीने सांगितली गेली म्हणून. थंडीत रक्त सांडणं, बोटं घालवणं ही मर्दुमकी, आणि जाड मोजे म्हणजे नाजूकपणा, असं त्या खेळात मुरलं होतं. हॅम्पस्टन वाढला अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटात, जिथे हिवाळ्यात उणे वीस-तीस ही नेहमीची गोष्ट. तिथे मोजे न घालणाऱ्याला शूर म्हणत नाहीत.

आणि आयोजक? ते तर बदलायला आणखी हळू. 2013 मध्ये मिलान-सान रेमोला पुन्हा तुरकिनोवर बर्फ पडला. तीच खिंड, 103 वर्षांनी. या वेळी शर्यत मध्येच थांबवली, सगळ्यांना बसमध्ये घालून खिंडीपलीकडे समुद्रकाठी नेलं आणि तिथून पुन्हा सोडली. बसमध्ये चढलेल्यांपैकी काही जण परत सायकलवर बसायला तयारच झाले नाहीत. 1910 मध्ये गान्ना गाडीत बसला म्हणून बाद झाला होता, इथे आयोजकांनीच सगळ्यांना गाडीत बसवलं. त्याच वर्षी मे महिन्यात जिरोचा गाव्हियावरून जाणारा टप्पा बर्फामुळे रद्द केला. पुढच्याच वर्षी मात्र गाव्हिया आणि स्तेल्व्हियो दोन्ही बर्फात चढवले, आणि उतारावर शर्यत थोपवली होती की नव्हती यावरून मोठं भांडण झालं. अशा हवेत काय करायचं याचा जागतिक संघटनेचा लेखी नियम आला तो 2016 पासून.

चला, आपल्या श्रोत्याकडे. मित्रा, तू मनालीहून लेहला जायचं म्हणतोयस असं मेसेजच्या शेवटी होतं. दरवर्षी आपल्याकडून कितीतरी जण जातात. तिथे हे सगळं सिंहगडाच्या कितीतरी पट होणार. थंडीत रोज सायकल चालवणारे लोक, अलास्का-मिनेसोटाकडचे, हँडललाच मोठ्या पिशवीसारखं कव्हर लावतात आणि साध्या मोज्यात हात आत घालतात. उत्तर भारतात थंडीत मोटरसायकलवाले लावतात ना हँडलला, तसंच. शर्यतीत ते चालत नाही, पण तुला कुठे शर्यत करायचीय? ते नको असेल तर एक जोडी जास्तीची, कोरडी, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून. मोजे इतके घट्ट नकोत की रक्तच अडेल. चढताना विंडचीटर बॅगेत, पण माथ्यावर पोचल्या पोचल्या, फोटो काढायच्या आधी, अंगात. आणि मोजे बोटं गार पडल्यावर घालू नकोस, गरम असतानाच घाल. मोजा ऊब तयार करत नाही, असलेली धरून ठेवतो.

आणि बोटं गेलीच तर थांब. काखेत धर. जाळात घालू नकोस.

भेटू पुढच्या भागात.